कोसमटोल्याचा कडा आणि मामांचं जाळं

दिवाळीपासून माझं एकच चाललं होतं, मामांना कोसमटोल्याचा कडा दाखवायचा. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी तलावावर ज्या ढिवर, म्हणजे मासेमार घरांची पोटं चालतात, त्यांच्यात त्यांचा शब्द शेवटचा. तलावातले मासे वर्षागणिक कमी होत चाललेत आणि मागच्या हिवाळ्यात चार घरं मिरची तोडायला तेलंगणात गेली. काही जण म्हणत होते, तलावातला एखादा खोल कोपरा जाळ्याविना मोकळा सोडा, मासा वाढू द्या. मामा म्हणत, "पाण्यात मासा सोडून ढिवर उपाशी राहीन का?" रविवारी मच्छीमार सोसायटीची बैठक होती. मामा नाही म्हणाले तर विषय संपला असता, म्हणून मी शुक्रवारीच त्यांना गाडीत घातलं. त्यांना सांगितलं, फिरायला जाऊन राह्यलो.

आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, मग घोटवरून मुलचेरा. रस्ता चामोर्शीपर्यंत झकास, घोटच्या पुढे पाठीचे मणके मोजून घ्या. बसने येणाऱ्यांनी मुलचेऱ्यात मुक्काम धरावा, कारण पुढे जीपचा काही भरवसा नाही. मुलचेऱ्याच्या अलीकडे बंगाली वस्तीतल्या एका टपरीवर आम्ही थांबलो. गरम रसगुल्ला आणि वर मुरमुऱ्यांचा तिखट चिवडा. मामांनी चार रसगुल्ले हाणले आणि म्हणाले, "साखर लय टाकून राह्यले हे लोक," आणि पाचवा मागितला. मोबाईलची रेंज इथेच संपते, घरी काय ते कळवून टाका.

कोसमटोल्याचं जंगल गावाच्या ग्रामसभेकडे आहे आणि कड्याची वाटही तिनेच पाडलीय. आदल्या दिवशी निरोप धाडावा लागतो, वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. दोघांची वाटाड्याची फी आणि दुपारचं जेवण पाचशेच्या आत झालं. आमच्या वाटाड्या होत्या लालीबाई, चाळिशीच्या, नऊवारीवर मुलाचा जुना स्वेटर घातलेल्या.

वाटेच्या सुरुवातीलाच मोहाचं एक मोठं झाड आहे. तिथे लालीबाईंनी मामांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "भाऊ, त्याच्यात काय हाये?"

मामांनी फेकायचं जाळं आणलं होतं! सहलीला!

"नदीवर जाऊन राह्यलो न् जाळं घरी ठेवू?" मामांना त्यात काही चूक वाटतच नव्हती. आमच्याकडे पाण्याकडे निघालेला माणूस जाळं घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

"मंग ते इथी फांदीवर टांगा. जाळं घेऊन वर कोणी जात नाई. आमचे माणसंबी नाई."

मामांचा चेहरा असा पडला की मला हसूही येईना. त्यांनी जाळं टांगलं, पण पुढच्या वाटेवर तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटलं, केलं मी सगळं वाटोळं. आता रविवारी हे मुद्दाम नाही म्हणतील.

वाट सुंदर आहे, एवढं सांगायलाच हवं. आधी साग आणि धावड्यातून सपाट, मग दगडांतून उभी. जानेवारीत पानगळ सुरू झालेली, त्यामुळे पायाखाली खरखर आणि डोक्यावर लख्ख ऊन. चपला घालून येऊ नका, पाण्याची बाटली मोठी घ्या. अस्वलाची ताजी विष्ठा दिसली तेव्हा लालीबाई मोठ्याने गप्पा मारू लागल्या आणि त्या आवाजातच मामांचा अबोला सुटला.

"बाई, जाळं टाकत नाई म्हणता, मंग खाता काय?"

"खालच्या धारेत टाकतो ना. फक्त कड्याखालचा डोह सोडला, माह्याच बोलण्यानं. पहिल्या साली काहीच दिसलं नाई. माहा नवरा म्हणे, तुले मीटिंगमंधी बोलाचं लय वेड लागलं. महिनाभर बोलला नाई माह्यासंग."

"मंग?"

"मंग वर जाऊन पाहा ना भाऊ."

कडा म्हणजे नदीच्या वळणावर एकदम तुटलेला पहाड. कडेला बांबूचा कठडा आहे, त्याच्या अलीकडेच थांबायचं. समोर दूरवर नुसतं जंगल आणि खाली हिरवट, स्वच्छ, थांबलेलं पाणी. मी फोटो काढत होते. मामा मात्र कठड्याच्या आतल्या दगडावर पालथे झोपले, हनुवटी हातांवर टेकवून खाली बघत. बराच वेळ ते हललेच नाहीत. शेवटी मी जवळ गेले.

"वंदे, ते काळं सरकून राह्यलं ना, ते सावली नोहे."

रोहूंचा थवा होता. मोठे मासे, सावकाश वळसा घेणारे, आणि काठाशी बारक्यांची झुंबड. मामा वर न बघताच म्हणाले, "अख्खा जन्म पाण्यात गेला माहा. पण मासा मी जाळ्यातच पाह्यला. तडफडताना. असा फिरताना कधीच नाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

उतरल्यावर लालीबाईंच्या अंगणात जेवलो. भात, अंबाडीची भाजी आणि मासोळीचा झणझणीत रस्सा. मामांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "हा डोहातला?"

"डोहातून बाहेर आलेला. आतला नदीचा, बाहेर आला तो आमचा."

मामांनी अजून भात मागून घेतला.

रविवारी बैठकीत मामा आधी कड्याबद्दल बोलले, इतकं की लोक कंटाळले. मग म्हणाले, कोपरा सोडायचा. खरा कल्ला त्यानंतर झाला, कोणता कोपरा? जो तो दुसऱ्याची जागा सोडायला तयार! शेवटी मामा म्हणाले, "वडाखालचा सोडा."

वडाखालचं खोल पाणी मामांचं. त्यांच्या वडिलांपासून तिथे दुसरं कोणी जाळं टाकत नाही. ज्यांची स्वतःची जागा नाही, ते उरलेल्या पाण्यात रांगेने टाकतात.

या सहलीचं माझ्याकडे काय उरलं म्हणाल, तर फोटो बरे आलेत, पिंढऱ्या आठवडाभर दुखल्या. आणि सोमवारची सकाळ. मामा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून वडाखाली हद्दीचे बांबू ठोकत होते. मी काठावरून विचारलं, "मामा, आता तुमी जाळं कुठी टाकाल?"

मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "रांगेत राहीन उभा. लोकायच्या मांगं."