प्रल्हादभाऊंचे दोन निरोप

डिलीटचं बटण शेठजींनी स्वतःच्या हाताने दाबलं आणि कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या. मोठ्या पडद्यावरच्या कंपनी-खात्यांच्या यादीतून प्रल्हादभाऊंचं नाव दिसेनासं झालं. एचआरच्या कोमल मॅडमनी या कार्यक्रमाला 'डिजिटल निरोप' असं नाव दिलं होतं. कंपनीचा आयटी मॅनेजर म्हणून माझ्याकडे एकच जबाबदारी होती : माउस पुसून शेठजींच्या पुढे ठेवणे. ती मी चोख पार पाडली.

आमची कंपनी नशिराबादच्या अलीकडे, हायवेला लागून. आम्ही ठिबकचे पाइप बनवतो. प्रल्हादभाऊ चौधरी आमच्याकडे अकरा वर्षं होते. आता धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळायला चालले होते. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, सोबत रिलीव्हिंग लेटर आणायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू, असं कॉलेजने स्पष्ट कळवलं होतं. आज शनिवार होता. घरसामानाने भरलेला टेम्पो गेटबाहेर उभा होता आणि त्याच्या केबिनमध्ये भाऊंच्या पत्नी, म्हणजे वहिनी, तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

दहा मिनिटांनी कोमल मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, लेटर निघत नाहीये. 'हा फॉर्म उपलब्ध नाही' म्हणतोय."

"फॉर्म कोणी बनवला होता?"

मॅडमनी मागे वळून पाहिलं. शाल खांद्यावर आणि नारळ हातात घेतलेले प्रल्हादभाऊ मागे उभे होते. ते म्हणाले, "मीच."

इथे थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे नोकरी सोडणारा माणूस एक फॉर्म भरतो. तो फॉर्म स्टोअर, अकाउंट्स, एचआर असा आपोआप फिरतो, प्रत्येक जण 'अप्रूव्ह' दाबतो आणि शेवटी कोड छापलेलं पत्र तयार होतं. याला वर्कफ्लो म्हणतात. जुन्या काळी हेच काम शिपाई करायचा, फक्त मध्ये चहाला थांबायचा. पण वर्कफ्लोचा कोणीतरी मालक असतो. ज्याने बनवला, त्याच्याच खात्यावर तो चालतो. खातं गेलं की वर्कफ्लो जागच्या जागी बसतो. आणि आमच्याकडे गेली अकरा वर्षं काहीही लागलं की सगळे म्हणायचे, "भाऊ, तुम्ही बनवून टाका ना."

भाऊंनी बनवून टाकलं होतं. एकूण सत्तावीस.

"हाताने टाइप करून देऊ," मॅडम म्हणाल्या.

"कॉलेज कोड स्कॅन करणार," भाऊ म्हणाले. "कोड तपासायची सोयही आपल्या साइटवर मीच करून ठेवलीय."

तेवढ्यात गेटवरून फोन आला. गाड्यांचे पास निघत नव्हते. पाठोपाठ कँटीनमधून निरोप आला की भरीत किती जणांचं करायचं ते कळत नाहीये. भाऊंचा मोबाइल वाजला. वहिनी होत्या. "बठ्ठं बंद पडेल शे," सगळंच बंद पडलंय, असं भाऊ अहिराणीत हळूच म्हणाले. पलीकडून जे उत्तर आलं, ते ऐकून त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

उपाय सोपा होता. डिलीट केलेलं खातं तीस दिवस कचरापेटीत पडून असतं. मी ते बाहेर काढलं, परत चालू केलं. पास निघू लागले. भरीत मार्गी लागलं. मी खुर्चीत मागे रेलतो न रेलतो, तोच ऑफिसातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

'आपल्या परिवारात प्रल्हाद चौधरी यांचे सहर्ष स्वागत!'

हा वर्कफ्लो कोमल मॅडमच्या नावावर होता, म्हणून तो ठणठणीत होता. नवं खातं दिसलं की नवा माणूस आला, एवढंच त्याला कळत होतं. त्याने भाऊंना सेफ्टी शूजचं माप विचारलं आणि शेठजींकडे मंजुरी मागितली. शेठजी अशी मंजुरी मजकूर न वाचता देतात, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. चार सेकंदांत मंजुरी आली.

मग एक्झिट फॉर्म उघडला. त्याने सांगितलं : कर्मचारी आजच रुजू झाला आहे, नोटीस पिरियड नव्वद दिवस.

"ही अट कोणी घातली?" मी विचारलं.

भाऊ नारळाकडे बघत राहिले.

आम्ही हसायला लागलो. मॅडम भिंतीला टेकून हसत होत्या. येणारे-जाणारे भाऊंचा हात धरून "बरं झालं राहिलात" म्हणत होते. एकाने पेढा मागितला.

हसणं आवरून मी सगळे सत्तावीस फॉर्म आणि त्यांचे वर्कफ्लो 'कार्यालय' नावाच्या सामायिक खात्याच्या मालकीचे केले. मग रुजू झाल्याची नोंद रद्द करायची विनंती शेठजींना पाठवली. चार सेकंद झाले. चार मिनिटं झाली. मग बोलावणं आलं.

शेठजींनी आयुष्यात पहिल्यांदा विनंती वाचली होती.

"याला का काढताय?" ते मला म्हणाले. "माझं भाषण ऐकून माणूस परत आला. शब्दात ताकद असते, साहेब. मी नाही रद्द करणार."

मी तांत्रिक बाजू समजावली. त्यांना ती पटली नाही. शेवटी भाऊच आत आले, शाल नीट केली आणि म्हणाले, "शेठ, भाषण फार चांगलं झालं. पण बाहेर टेम्पो उभा आहे आणि टेम्पोत बायको आहे."

शेठजींनी थोडा विचार केला. "ती भाषणाला नव्हती का?"

"नाही."

"तरीच," म्हणून त्यांनी बटण दाबलं. पत्र साडेचारला निघालं. टेम्पोपर्यंत सगळे पोचवायला गेले आणि शेठजी तिथेही पाच मिनिटं बोलले, या वेळी वहिनींकडे बघून. वहिनींनी काच वर केली.

आता आमच्याकडे नियम आहे : आधी फॉर्म दुसऱ्याच्या नावावर, मग शाल. 'कार्यालय' खात्याला धुळ्याला जायचं नसतं.

सोमवारी सव्वादहाला भाऊंचा मेसेज आला. "पोचलो. पत्र स्कॅन झालं. पण इथला जॉइनिंगचा फॉर्म उघडत नाहीये, बनवणारा गेल्या आठवड्यात सोडून गेला. प्राचार्य विचारतात, कचरापेटी कुठे असते?"