पाटीला लागलेले हात

पनवेलच्या कोळीवाड्यात रंभाचं नाक प्रसिद्ध होतं. लांब होतं म्हणून नव्हे, सतत कुठंतरी खुपसलेलं असायचं म्हणून. नव्या सुनेच्या पेटीत काय आलं, कुणाचा पाव्हणा दोन दिवस जास्त का राहिला, एसटीतून उतरलेल्या अनोळखी बाईची पिशवी एवढी जड कशी, सगळं तिला कळायला हवं. आणि ती आडून-आडून विचारायची नाही. डोक्यावर पाटी, कमरेवर हात आणि समोरच्याच्या तोंडावर प्रश्न.

अशा बाईच्या रोजच्या वाटेवर एक निळं फाटक होतं, आणि त्याच्या आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आता याला काय म्हणावं?

शहाण्णव साल असेल. विचुंब्याला नव्या इमारती उठत होत्या आणि नवी गिऱ्हाइकं मिळत होती. सकाळी मोऱ्याच्या बंदरातून टेंपोनं मासळी यायची. रंभा आणि तिची शेजारीण साळू पाट्या भरायच्या आणि रूळ ओलांडून तिकडं जायच्या. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. निघताना एकीनं दुसरीच्या पाटीला हात लावायचा. दारात पोचलं की गिऱ्हाइकानं. "हात लावा गो बाय" ही हाक आली की घरातली बाई ओले हात पुसत बाहेर येणार, समोरून पाटी धरणार, आणि दोघी मिळून ती खाली ठेवणार. पुढचं भांडण पाटी टेकल्यावर.

निळ्या फाटकाशी मात्र ही हाक कुणी घालत नव्हतं.

"दूधवाला किटली भायेर ठेवतो नि पलतो," साळू म्हणाली.

"का पन?"

"रोग हाय म्हनतात."

"कसला?"

"मी काय डाक्टर हाय?"

"मग म्हनतं कोन?"

"सगले म्हनतात."

"सगल्यांतला एक तरी आत जाऊन आलाय?"

साळूनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. "रंभे, तुझं हे नाक एक दिवस चिंबोरी धरनार हाय."

पण या खेपेला नाकाला खाज सुटायला कारण होतं. रंभाच्या भावाची मुलगी, दिपा, मोऱ्याला दिली होती. तिचा नवरा बंदरावर कंटेनरची गाडी चालवायचा, महिना-महिना लांब जायचा. तो खोकून-खोकून गेला. पुढच्या वर्षी दिपा गेली. सासरच्यांनी तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, पूर्वीला, "चार दिस ठेव" म्हणून रंभाकडं आणून सोडलं, आणि ते चार दिवस काही सरेनात. नवरा वारल्यापासून रंभा एकटीच होती. पोर आली, घर बोलायला लागलं. पण पोरीच्या बोचक्यात कपड्यांबरोबर तिचं वेगळं ताट आणि पेला होता. "माझ्या घरात भांडी नाय काय?" रंभानं विचारलं होतं. त्यावर मोऱ्याच्या मंडळींनी खाली मान घालून चपला शोधल्या होत्या. पोरीला ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. तोंड आतून पांढरं, तिखटाचा कण लागला की रडायची. डॉक्टर बाटली द्यायचा, बाटली संपायची, तोंड तसंच. ही पोर हातातून जाते की काय, आणि राहिली तर आपल्याला झेपते की नाही, हाच एक घोर रंभाला लागला होता. निळ्या फाटकाच्या आत पोरं असतात, एवढं तिनं लांबून पाहिलं होतं.

एका सकाळी तिनं साळूला पुढं पाठवलं आणि स्वतः फाटक ढकललं.

"हात लावा गो बाय!"

आतून पांढऱ्या साडीतली, पिकल्या केसांची एक बाई लगबगीनं आली. गळ्यात लहानसा क्रूस, नाकावर घसरलेला चष्मा. "थांब, एकदम सोडू नको. घे... हां!" तिनं पाटी अशी उतरवली की आतलं पाणी हललं नाही. मग वाकून एक बोंबील उचलला आणि म्हणाली, "कालचे."

"कालचे? मेल्याच्या तोंडात घातलात तर जिता होईल!"

"मी वसईची आहे, बाई. आमच्या परसाला कोळीवाडा लागून होता. बर्फातला बोंबील मला नको शिकवू."

रंभा खूश झाली. भांडायला माणूस मिळालं होतं. "भाव मागून सांगते. आधी सांगा, ह्ये घर कसलं?"

"आधी भाव."

"आधी घर."

ती बाई हसली आणि पायरीवर बसली. नाव सिस्टर अॅग्नेला. "खरं सांगू? तू डोक्यावर पाटी घेऊन फाटकात उभी राहिलीस ना, मला वाटलं मी परत तिथंच आहे."

"कुठं?"

"आफ्रिकेत. युगांडात. तरुणपणी गेले ती आत्ता परतले."

पाटीतले बोंबील उन्हात. रंभाला भान नाही. "तिकडं बाया मासली विकतात?"

"विकतात तर. डोक्यावर घेऊनच. एक सरोवर आहे, समुद्राएवढं. पण पाणी गोडं."

"गोड्या पान्याचा दर्या? मग भरती येते?"

"नाही."

"वोहोटी?"

"ती तरी कशी येईल?"

"मग होड्या कवा काढायच्या ते समजतं कसं?"

सिस्टर चष्मा काढून तिच्याकडं बघतच राहिली. "इतकी वर्षं तिथं होते, मला हे विचारायचं सुचलं नाही. बारीक चंदेरी मासळी मिळते, आपल्या मांदेलीच्या निम्मी. वाळूवर सुकत घालतात."

"वास?"

"अगदी आपल्या सुकटीचा."

"मग बरोबर," रंभा म्हणाली. आफ्रिका तिच्या मनात कोळीवाड्याच्या खाडीपलीकडच्या काठाला येऊन बसली.

व्हरांड्यात तीन-चार पोरं खडूनं फरशी रंगवत होती. उन्हात खाटेवर एक बाई पडली होती, हाडं मोजून घ्यावीत अशी. रंभानं तिकडं हनुवटी केली. "नि तिकडं तुमी काय करायच्या?"

"हेच. हाच आजार तिथं घराघरात होता. एड्स."

शब्द रंभाला माहीत होता. टीव्हीवर यायचा तेव्हा बाया पदर तोंडाला लावायच्या. सिस्टर सावकाश बोलत होती. "आधी बाप जातो, मग आई. मुलांना ताप येतो-जातो. तोंड आतून पांढरं होतं, खाववत नाही..."

रंभाचा पुढचा प्रश्न तोंडापर्यंत आला आणि जन्मात पहिल्यांदा तिथंच थांबला. "उचला पाटी," ती एवढंच म्हणाली. पाटी डोक्यावर चढताना तिला सिस्टरचे हात दिसले, दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेले.

खाडीवर जाऊन तिनं पाटी राखेनं घासली, काथ्यानं घासली, परत राखेनं.

"पाटीचं लगीन काढलंस काय?" साळूनं विचारलं. "हलद तेवढी राहिली बघ."

रंभा घासतच राहिली. तेवढ्यात पूर्वी धावत आली. पाटी पालथी घालून वाळत ठेवायचं काम रोजचं तिचंच. तिनं ओल्या पाटीत दोन्ही हात घातले. रंभानं झटक्यात तिचं मनगट धरलं, आणि धरलेलं तसंच राहिलं. कुणाचे हात धुतेय मी? हे दोन तर रोज लागतात पाटीला. ताट नि पेला बोचक्यात का होता, ते तिला आत्ता कळलं. सिस्टरच्या हातांसाठी काढलेली राख तिच्या स्वतःच्याच बोटांना चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाटीशिवाय गेली. पूर्वीच्या केसांना तेल, दोन वेण्या, हातात बोचकं. सिस्टरनं पोरीचं तोंड पाहिलं, औषध लावलं, दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं. चार दिवसांनी, परत बोचकं घेऊन, दोघी निकालाला आल्या. तो रंभाला वाटलं होतं तोच. सिस्टरनं तो घुमवून-फिरवून सांगितला नाही.

"बरं होईल?"

"नाही. तोंड बरं होईल, ताप आवरता येईल, खाईल-खेळेल. किती वर्षं, ते मला सांगता येत नाही."

रंभानं बोचकं पायरीवर ठेवलं. "मग ठेवा हिला. तुमाला सगलं समजतं."

"हिचं कुणी नसतं तर ठेवली असती."

"मी कोन? आईची आते! लांबची!"

"लांबचीनं वेण्या इतक्या घट्ट घातल्या?"

रंभा भडकली. "देवाच्या बाया ना तुमी? दारात आनलेलं पोर परत लावता? नि लोकांना समजलं तर माझ्या हातची मासली कोन घेल? दोघी उपाशी मरू, रोगाची वाट कशाला बघायला हवी!"

फरशीवर खडूचा मासा काढत असलेली पूर्वी थांबली. सिस्टरनं तिला एक निळा खडू दिला आणि आवाज खाली आणला.

"युगांडात आम्हीही मुलं आणून ठेवायचो. मोठं घर बांधलं होतं. मुलं जेवायची, अभ्यास करायची, आणि संध्याकाळ झाली की फाटकाकडं तोंड करून बसायची. एकदा एक म्हातारी आली आणि नातवाला उचलून चालू लागली. मी आडवी गेले. ती म्हणाली, 'तुझं औषध चांगलं आहे, सिस्टर. ते घेऊन माझ्या झोपडीत ये.' तेव्हापासून आम्ही घरोघर चालत जातो."

रंभाचा राग तिथंच होता, पण नाक जागं झालं. "शेजारी काय बोलले तिला?"

"पुष्कळ."

"मग तिनं काय केलं?"

"ते तिलाच ठाऊक. मला एवढंच दिसलं की ती बाजारात मका विकायला बसत राहिली. आधी कुणी घेईना. मग घ्यायला लागले."

"कवा घ्यायला लागले?"

"भूक लागल्यावर."

रंभाला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. तिनं शेवटचा खडा टाकून पाहिला. "नि घरी येऊन बाटवाल आमाला."

"मी रोज प्रार्थना करते. हिच्यासाठीही करीन, ते माझं काम. तुझी एकवीरा तुझ्या घरात आहे. तिला हलवायला मी कोण?"

पूर्वी उठली, बोचकं उचललं आणि रंभाच्या मांडीवर आणून ठेवलं. "आजी, यात माझं ताट हाय. घरी जेवायला लागंल ना?"

त्या ताटाला मोऱ्याहून आल्यापासून रंभानं कधी हात लावला नव्हता, कारण पोरीला ती आपल्याच ताटात जेवू घालायची. ते तिला स्वतःलाही त्याच क्षणी ध्यानात आलं. ती बोचकं घेऊन उठली.

शुक्रवारी सिस्टर अॅग्नेला कोळीवाड्यात आली. चालत, भर सकाळी, पांढऱ्या साडीत. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला दारं उघडली. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढं रंभानं ठरवलं होतं. आयुष्यभर लोकांना विचारत आलेल्या बाईला आता उत्तर द्यायची पाळी होती, आणि तिनं ते दिलं. "पोरीला तो रोग हाय. हात लावून होत नाय. आनि काय विचारायचंय?"

कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. रंभानं पाटी भरली. बोंबील, मांदेली, वर थोडी कोळंबी. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि नेहमीसारखी म्हणाली, "हात लावा गो."

बाया आपापल्या पाट्यांत वाकलेल्या. साळू बर्फ फोडत होती, इतका बारीक की त्याचं पाणीच व्हायला आलं होतं. रंभानं एकटीनं उचलून पाहिली. गुडघ्यापर्यंत आली, खाली बसली. कोळंबी मातीत सांडली. पूर्वी पुढं झाली, सांडलेली कोळंबी वेचून तिनं पाटीत टाकली, मग पाटीची कड धरली आणि गाल फुगवून वर ओढायला लागली. पाटी जागची हलेना. पोर सोडेना.

"सरक गं," साळू करवादली. "कमरेत भरंल, मग आजीला बोंब मारशील." ती आली. हात पुढं केले. मग थांबली, पदराचं टोक दोन्ही तळव्यांवर ओढून घेतलं आणि मग पाटी धरली.

रंभानं ते पाहिलं. राख आणि काथ्या तिला आठवला. दोघींनी पाटी वर घेतली.

पदर पुढं कितीतरी दिवस मध्ये राहिला. विचुंब्यात दोन दारं बंद झाली, निळं फाटक मात्र रोजचं झालं, आणि तिथं कोण जातं हे बघायला आलेल्या एका बाईनं बघता-बघता मांदेलीचा वाटा घेतला. पूर्वीचं तोंड निवळलं. ती शाळेत बसली, मध्येच तापानं पडायची, उठली की परत जायची. शुक्रवारी सिस्टर आली की रंभा आफ्रिकेचं उरलेलं विचारून घ्यायची. तिकडं नारळ असतात? सासवा कशा असतात?

एका सकाळी साळू कुणाच्या तरी भांडणाची कथा सांगत होती. कथा रंगात आलेली, दोन्ही हात हवेत. तशीच बोलता-बोलता ती वाकली आणि रंभाच्या पाटीला हात लावला. उघडे, खवले चिकटलेले हात.

रंभाला दिसलं. कोळीवाड्यातल्या सगळ्यात चौकस बाईनं ओठ घट्ट मिटून घेतले.

पण शेजारी दप्तर घेऊन पूर्वी उभी होती.

"साळूआजी, आज पदर नाय घेतलास?"

साळूनं हातांकडं पाहिलं. पाटी अर्धी वर, अर्धी खाली. एवढं वजन धरून सोडताही येईना.

"रंभे," ती म्हणाली, "ही पोर तुझ्याच नाकावर गेली बघ. आता उचल, माझे हात दुखतात."