फिलेतोसच्या नावाचा पाव

थ्रेस प्रांतात, राजधानीच्या हमरस्त्यावरच्या आमच्या गावात दोम्निकाइतकी तोंडाळ बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतका चांगला पावही कुणी भाजत नसे. दुष्काळात बिशप फिलेतोसने वेदीवरची चांदी विकून गाव जगवलं, त्यात तिची पोरंही जगली. आता तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर रविवारी मेलेल्या बिशपांची नावं वेदीपाशी वाचली जात, त्यात त्याचं नाव आलं की ती समाधानाने मान हलवी.

तिकडे रोमचे पोप आणि आमचे सम्राट यांचं एका पिढीपासून फाटलेलं. नव्या सम्राटाने ते जुळवलं, पण पोपची अट अशी की भांडणाच्या काळात सम्राटाच्या बाजूने राहून मेलेल्या बिशपांची नावं गाळायची. फिलेतोसला त्या वादातलं ओ की ठो कळत नव्हतं. मेला मात्र त्याच काळात.

नावं धर्मगुरूच्या हाताखालचा सेवक, डीकन परामोन, वाची. दोम्निकाने त्याला चर्चच्या दारातच गाठलं.

"वाचणार ना रे?"

"मावशी, रविवारी पोपचा दूत आणि राजधानीचा अधिकारी समोर बसणार. नाव घेतलं तर चर्चला कुलूप लागेल. मला काय हौस आहे?"

"समेट मोठ्यांचा आणि शिक्षा मेलेल्याला! नाव नाही घेतलं, तर देवापाशी त्याची आठवण कोण करून देणार?"

मग दोन दिवस ती घरोघर हिंडली. अशी बाई गावाला लाभावी लागते.

रविवारी बिशपांची नावं झाली, फिलेतोस वगळून. मग लोक वेदीवर वाहायचे पाव घेऊन पुढे आले. पाव देणाऱ्याने आपल्या घरचं मेलेलं माणूस सांगायचं आणि डीकनने ते नाव मोठ्याने घ्यायचं, ही आमची रीत. पहिली दोम्निका.

"फिलेतोस."

परामोनचा चेहरा उतरला. "मावशी, अगं..."

"बिशप म्हटलं का मी? माझी पोरं जगवणारा माझ्या घरचाच. नाव घे."

त्याने नाव घेतलं. मागे न्हावी होता. "फिलेतोस." मग चांभाराची सासू. "माझाही फिलेतोसच, बाबा."

पोपचा दूत अधिकाऱ्याकडे झुकला. "एकाच नावाची इतकी माणसं? साथ आली होती की काय?"

अधिकाऱ्याला केव्हाच उमगलं होतं. त्याने दोम्निकाकडे पाहिलं. तीही त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"आली असेल," तो म्हणाला. "घरच्या मेलेल्यांबद्दल हुकमात काही नाही."

परामोनचा घसा बसला, तरी दारापर्यंत माणसं पाव घेऊन उभीच होती.