फ्रिजच्या दाराचं रबर

तो दुकानात आला की नमस्कार करायच्या आधी फ्रिजचं दार उघडून रबराला नाक लावायचा. मोठा श्वास घेऊन म्हणायचा, "माताजी, बास आ रही है." तोंडात गुटखा. त्या तोंडाच्या माणसाला दुसरा वास कसा यायचा, देव जाणे.

जयपुरात मालवीय नगरला माझं श्रीखंड-बासुंदीचं छोटं दुकान होतं. नवरा बँकेच्या बदलीने इकडे आला आणि इथेच वारला. चौथी शिकलेल्या बाईने दुसरं काय करायचं? गिऱ्हाईक बहुतेक आपलीच मराठी माणसं. दुकानातल्या मोठ्या फ्रिजच्या दाराचं रबर साफ करायला, बदलायला हा माणूस यायचा.

दिसायला गलिच्छ. नखं काळी, बाह्या तेलकट, दर पाच मिनिटांनी माझ्या पायरीपुढच्या नालीत पिचकारी. मला त्याची शिसारी यायची. त्याला आम्हा सगळ्या दुकानदारांची यायची.

तुम्ही कधी दुकानातल्या फ्रिजच्या रबराची घडी उघडून पाहिली आहे? पाहू नका. तो काडीला फडकं गुंडाळून घडीतून फिरवायचा. काळी बुरशी निघायची, आंबलेल्या दुधाचा चिकटा, झुरळाचे पाय, एकदा तर कुणाचा तरी लांब केस. ते सगळं वर्तमानपत्रावर मांडून गिऱ्हाइकांसमोर माझ्या काउंटरवर ठेवायचा. "देखो, यह खिला रही हो आप."

रबर मऊ राहावं म्हणून मी एकदा त्याला खोबरेल चोळलं. आंधीची सगळी धूळ आणि मुंग्या त्याला चिकटून बसल्या.

"दरवाज़े की चंपी की है?" तो म्हणाला. "जुएँ भी निकाल दूँ?"

"ज़बान मत चलाओ, हाथ चलाओ."

शहरातल्या अर्ध्या मिठाईवाल्यांचे फ्रिज त्याने पाहिले होते, म्हणून बाहेरचं काही खात नसे. माझं श्रीखंडही नाही. मी चिडून म्हटलं, "गुटखा चलता है, मेरा श्रीखंड नहीं चलता?"

"गुटखे की पुड़िया बंद आती है, माताजी."

संक्रांतीचे फाटके पतंग तो गोळा करून ठेवायचा. त्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अडकली तर रबर चांगलं. सुळकन निघाली तर गारवाही तिथूनच निघून जातो.

एका वर्षी पाडव्याला मराठी मंडळाची श्रीखंडाची ऑर्डर होती. चक्का फ्रिजमध्ये होता. आदल्या दिवशी त्याने दार तपासलं, तर बिजागरीच्या बाजूने पट्टी सुळकन निघाली. रबर तडकलं होतं.

"नया दिल्ली से आएगा, चार दिन लगेंगे. यह चक्का फेंक दो, माताजी. ठंडा रहा ही नहीं."

मी चाखला. जरा कडवट होता. साखर-वेलदोडा घातल्यावर कळायचं नाही, असं मनाशी म्हटलं आणि श्रीखंड करून पाठवलं.

पाडव्याला संध्याकाळी पाच-सहा मुलं ओकली. एका मुलीला सलाईन लावावं लागलं. मंडळाच्या बाई विचारायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "रबरवाल्याने दार नीट बसवलं नाही हो." पटकन तोंडातून निघालं. त्यांच्या यजमानांच्या दवाखान्यात आणि दोन मराठी खानावळींत त्याला माझ्याच शब्दावर काम मिळालं होतं. ते आठवड्याच्या आत बंद झालं.

दिल्लीचं रबर घेऊन तो आला. गुडघ्यांवर बसून बसवत होता, तेवढ्यात त्या बाई दुकानात शिरल्या.

"भैया, तुम्हारी लापरवाही से बच्चे बीमार पड़े. शरम नहीं आती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बासुंदीच्या डब्याला झाकण लावत होते. लावून झालेलं झाकण काढून परत लावलं.

"जी," तो म्हणाला आणि अंगठ्याने कोपऱ्यात रबर दाबत राहिला.

बाई गेल्यावर त्याने चारी बाजूंनी पट्टी ओढून पाहिली. फाटली, पण निघाली नाही. मी पाणी विचारलं. नको म्हणाला. जुनं रबर गुंडाळून खांद्याला अडकवलं आणि सायकल घेऊन निघून गेला.

पुढे मी दोनदा निरोप धाडला. तो आला नाही. बाई मात्र यायच्या, मी दुकान कायमचं बंद करेपर्यंत. दर वेळी म्हणायच्या, "तुमच्याकडची स्वच्छता कुठे नाही." मी पिशवी बांधून त्यांच्या हातात द्यायची.