काकांच्या गाडीतला तबला

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कधी कुणाच्या हाती ही वही लागलीच तर सांभाळून घ्यावं.

हातखंब्याला आमचं लहानसं दुकान आहे. आमचे हे गाड्यांमध्ये स्पीकर बसवतात, मी मागे मशीनवर सीटकव्हर शिवते. गिऱ्हाईक आलं की मी मान वर करत नाही. बोलायचं ते सगळं हेच बोलतात.

गेल्या वर्षी बोटीवरून रिटायर झालेले एक काका नवी गाडी घेऊन आले. चांगल्यातले स्पीकर लाव म्हणाले. ओळखीचे, म्हणून यांनी आगाऊ काही घेतलं नाही. सामानाचे पैसे सावर्ड्याच्या नणंदेकडून आणले. ते भाच्याच्या फीचे होते, महिनाअखेरीला परत द्यायचे होते.

यांनी जीव ओतून काम केलं. पत्रा थरथरू नये म्हणून दारांना आतून जाड पट्ट्या चिकटवल्या. लहान स्पीकर काचेजवळ दोन्ही कोपऱ्यांत बसवले. चालवणारा उजव्या दाराला लागून बसतो, तिकडचा आवाज त्याला आधी पोचतो, म्हणून तो आवाज किंचित उशिरा सुटेल असं केलं. गाणारा समोर मधोमध बसलाय असं वाटलं पाहिजे, असं यांचं म्हणणं.

काकांनी भजन लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मेल्या, तबला कुठे गिळलास?"

यांनी त्यांच्या जागी बसून ऐकलं. "उजवीकडून खणखणीत वाजतोय की, काका!"

"तुझ्या कानात वाजत असेल."

दोनदा सगळं खोलून परत लावलं. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "आज जमलं नाही तर उपट सगळं. आणि पैसे मागायला येऊ नकोस." यांचा चेहरा उतरला. महिना संपायला पाच दिवस होते.

मी चहा घेऊन गेले. काका स्टिअरिंगमागे बसले होते. त्यांच्या खिडकीशी उभी राहून दोनदा म्हटलं, "काका, चहा." त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, रागावलेत. तशीच वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेले आणि त्याहून हळू म्हटलं, तर लगेच वळले. "साखर कमी घातलीस ना गो बाय?"

मी जागीच थबकले.

यांना बाजूला घेऊन सांगितलं, तर हे म्हणाले, "अगो, पण एवढ्या मोठ्या माणसाला बहिरा कसं म्हणायचं?"

मग मीच गेले आणि काकांच्या शेजारच्या सीटवर बसले. असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. विचारलं, "काका, जुन्या गाडीत तबला नीट यायचा?"

"यायचा तर! एकच स्पीकर होता, मध्ये."

मी यांना म्हटलं, "मग तसंच करा ना. दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र करा, आणि माझ्या कोपऱ्यातला लहान स्पीकर काकांकडे वळवा."

यांना काय ते समजलं. तासाभरात काम झालं. समोर मधोमध बसलेला गाणारा गेला, यांना वाईट वाटलं असणार. पण भजन सुरू झालं आणि काकांची बोटं स्टिअरिंगवर ठेका धरू लागली. अख्खं भजन संपेपर्यंत त्यांनी ठेका सोडला नाही.

"उजवा कान बोटीच्या इंजिनरूममध्येच राहिला," काका म्हणाले. "घरी अजून माहीत नाही. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग तूपण कुणाला सांगू नको."

त्यांनी तिथेच खिशातून पाकीट काढून यांच्या हातात दिलं. पैसे घरूनच मोजून आणले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं सावर्ड्याला गेलो आणि नणंदेचे सगळे पैसे फेडून आलो.