पहिली पेशी

भिलाईत गुन्हेगारशास्त्र शिकताना आम्हाला एक प्रात्यक्षिक मिळालं. दुर्गच्या कोर्टाच्या आवारात बसायचं, एक अनोळखी माणूस निवडायचा आणि नुसत्या हावभावांवरून तो आरोपी की साक्षीदार ते ओळखायचं. लेखी परीक्षेत मी आपटलो होतो, त्यामुळे इथे गुण मिळवणं भागच होतं.

मी कडुलिंबाखालचा एक गृहस्थ हेरला. काखेत घट्ट दाबलेली पिशवी, चष्म्यावरून प्रत्येक चेहरा न्याहाळणं, पोलीस दिसला की ओशाळं हसणं. एकेक हालचाल वेळेसकट मांडीवरच्या वहीत चोरून टिपली आणि शेवटी लिहिलं, ‘आरोपी. शंकाच नाही.’

तेवढ्यात तो माझ्याच शेजारी येऊन बसला.

“पहिली पेशी हाय का, बाबू? कोर्टाची पहिलीच तारीख?”

“नाही, मी…”

“लाजू नोको. आमचे वकीलसाहेब जमानत करून देतेत. मी त्यांचा मुंशी.”

“पण मी आरोपी कावून वाटलो तुमाले?”

“चोर खाली पाह्यते, साक्षीदार घडी पाह्यते, नवा आरोपी दोनी. तू घंटाभर दोनी पाहून राहिला!”

मी माझा निष्कर्ष खोडला आणि त्याचं वाक्य उतरवून घेतलं. अहवालात निरीक्षक म्हणून त्याचं नाव घालायला हवं होतं, पण ते विचारायचंच राहिलं. ‘संशयित’ या रकान्यात मात्र मी प्रामाणिकपणे स्वतःचं नाव लिहिलं आणि वर्गात पहिला आलो.