दुसऱ्याच्या हाकेला

सायकलच्या चाकाला आऊट आला की ते फिरताना किंचित एका अंगाला झुकते आणि ब्रेकच्या रबराला घासून जाते. ते आधी कानाला कळते, डोळ्यांना मागाहून. असा आऊट काढण्यात त्या दुकानातल्या तरुण कारागिराचा हात धरणारा त्या भागात दुसरा कुणी नव्हता. हात म्हणजे खरे तर एकच, उजवा. डाव्या हाताची दोन बोटे तळव्याकडे कायमची आखडली होती. त्या आकड्यात तो चाकाची रिम अडकवून धरी, उजव्या हाताने एक तार आवळी, समोरची सैल करी, आणि चाक पुन्हा फिरवून मान कलती करून ऐकत राही.

गल्लीत सगळे त्याला ‘हिरो’ म्हणत. वर्तमानपत्रात एकदा त्याचे छायाचित्र आले होते, हाताला हे मोठे बँडेज गुंडाळलेले, डोळे कॅमेऱ्याकडे नसलेले. त्याखाली कुणा वार्ताहराने ‘तरुण हिरो’ असे छापले. ‘तरुण’ हळूहळू गळून पडला, ‘हिरो’ तेवढा उरला. “हिरो, पंक्चर काढ रे.” “हिरो, हवा भर.” सुरुवातीला हा शब्द त्याला चटका देई. पुढे सवय झाली. दुकानाचा म्हातारा मालक म्हणे, “अरे, मला लोक ‘टकल्या’ म्हणतात, तुला हिरो म्हणतात. तक्रार कुणी करायची?”

छायाचित्रामागची हकिकत अशी. त्याचा बाप आणि चुलता यांचा गाद्यांचा सामाईक कारखाना होता. खाली शिलाई, वर माळ्यावर कापसाचे आणि फोमचे गठ्ठे. दोघांचे आधीच पटत नव्हते. मुले हाताशी आल्यावर कारखान्याचा धनी कुणाचा मुलगा होणार, या एका प्रश्नावर जेवताना भांडी आपटत. मुले मात्र एकत्र वाढली होती. हिरोचा सख्खा थोरला भाऊ, त्याला तो ‘दादा’ म्हणे. चुलतभाऊ दादाहूनही थोडा मोठा, त्याला ‘अण्णा’. घरात कुत्र्यालाही ठाऊक होते, दादा कोण आणि अण्णा कोण.

एका दुपारी दादा आणि अण्णा माळ्यावर गठ्ठे लावत असताना खाली विजेच्या तारेने पेट घेतला. हिरो दोरा आणायला बाहेर गेला होता. परतला तेव्हा अर्धवट पडलेल्या शटरखालून काळा धूर बाहेर लोटत होता. ओले पोते डोक्यावर घेऊन तो आत शिरला, जिन्याच्या तोंडाशी पोचला आणि जीव खाऊन ओरडला, “दादा!”

“ओ!” वरून आवाज आला.

आवाजाच्या रोखाने त्याने हात घातला, त्याच्या हाताला हात लागला, तो त्याने ओढला. तापलेले शटर डाव्या हाताने उचलून धरून त्याने त्या माणसाला बाहेर काढले, उताणे केले, तोंडावरची काजळी पुसली. तो अण्णा होता. पुन्हा आत जाण्यासाठी तो वळला तेवढ्यात माळा खाली बसला, दादासकट.

भेटायला आलेल्या लोकांसमोर चुलता म्हणाला, “माझा वाचला, हे काय माझं पाप झालं?”

“पाप नाही,” बाप म्हणाला. “चोरी. हाक माझ्या मुलाची होती. तुझ्या मुलानं चोरली.”

त्या वाक्यावर भाऊबंदकीचा उरलेला धागाही तुटला. जळक्या कारखान्याच्या जागेत आणि घरातही मधोमध भिंत उभी राहिली. आणि बापाने धाकट्या मुलाच्या हाकेला ओ देणे सोडले. मुलाने “बाबा” म्हणावे, बापाने पायातल्या चपलेकडे बघत बसावे. आईने कळवळून काही म्हटले की एकच उत्तर ठरलेले: “त्याच्या हाकेला ओ देणारे वेगळे आहेत. जाऊ दे त्यांच्याकडे.” बाप ओरडला असता, मारले असते, तर मुलाने सोसले असते. पण रोज एकाच छपराखाली राहून आपण नाहीच असे वागवले जाणे त्याला सोसेना. एका सकाळी तो हाताच्या ड्रेसिंगसाठी दवाखान्यात गेला, तो परतलाच नाही.

दवाखान्यात त्याचा हात धुऊन बांधणारी मुलगी तोंडाने फटकळ होती. “रडायचं असेल तर रडा, लाजू नका. पण बोट वाकवा,” असे म्हणून ती एकेक बोट उलगडे. तीन बोटे तिने परत मिळवून दिली, दोन गेली ती गेली. “तीन पुरतात,” ती म्हणाली, आणि पुढे त्याच्याशी लग्न केले. दोन खोल्यांचे भाड्याचे घर झाले. आता तिला दिवस गेले होते. तिच्या पोटावर कान ठेवून तो चाक ऐकावे तसा मान कलती करून ऐकत राही, आणि ती म्हणे, “आऊट नाहीये त्याच्यात. झोप आता.”

आणि तो झोपे. कित्येक महिने झोप म्हणजे धूर असे ज्याचे समीकरण होते, तो आता डोके टेकले की झोपे.

या शांततेत अण्णाचाही वाटा होता. अधूनमधून तो सायकल घेऊन दुकानात येई. “ब्रेक बघ जरा,” म्हणे. ब्रेक धडधाकट असत. हिरो ते सैल करी, पुन्हा आवळी, आणि अण्णा बाकावर बसून चहा पीत राही. त्या दुपारबद्दल दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. ती हाक आपली नव्हती हे अण्णाला माहीत होते. ते अण्णाला माहीत होते, हे हिरोला माहीत होते. पण धुरात ज्याच्या छातीत श्वास शिल्लक होता त्याने ओ दिला, यात चोरी कसली, असा निवाडा हिरोने मनाशी कधीच करून टाकला होता. तो करताना त्याला किती झगडावे लागले, ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होते.

एक दिवस अण्णा चहाचा कप हातात घेऊन उगाचच हसला. “जमलंय,” म्हणाला.

“काय?”

“लग्न रे. मास्तरांची मुलगी आहे. निवृत्त आहेत ते, फार सरळ माणूस. तिला मी आवडलो म्हणे.” मग कपात बघत, “मला वाटलं नव्हतं माझ्या वाट्याला असं काही येईल.”

हिरोने त्या दिवशी ब्रेकला हातही लावला नाही. नुसती त्याच्या पाठीवर थाप मारली.

भाऊबंदकीत गोड बातमीला पाय फार लवकर फुटतात. आठवड्याच्या आतच एका दुपारी दुकानासमोर दोन माणसे उभी राहिली. त्यातल्या एकाने त्याला नावाने हाक मारली, खऱ्या नावाने, जे गल्लीत कुणालाच माहीत नव्हते. आवाज ओळखीचा होता, आणि मन सावध होण्याआधीच त्याच्या तोंडून “ओ” निघून गेला.

बाप खंगला होता. पण केस नीट विंचरलेले होते आणि चेहऱ्यावर पाहुण्यासमोरची अदब होती.

“हे मास्तर,” तो म्हणाला. “आपल्या अण्णाचे होणारे सासरे. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडून काही ऐकू नका. मी बाप आहे, माझं तोंड कडू झालंय. ज्यानं धूर खाल्ला त्यालाच विचारा. तो खोटं बोलत नाही.”

मास्तरांनी रुमालाने बाक झटकला, बसले. “राग मानू नका हं,” ते म्हणाले. “पोरीचा प्रश्न आहे. घरदार मी बघत नाही. अडचणीत माणूस कसा वागतो, तेवढंच बघतो. मी असं ऐकलं, की तुम्ही हाक मारली ती तुमच्या सख्ख्या भावाला, आणि ते समजत असून तुमच्या अण्णांनी ओ दिला. खरं काय ते सांगा. तुम्ही कुणाला हाक मारली होती?”

एक शब्द पुरेसा होता. ‘अण्णाला’. तो शब्द त्याच्या जिभेवर आला होता. पण तो उच्चारायचा म्हणजे दादाला आपण हाक मारलीच नाही असे म्हणायचे. दादाचे कपडे वाटून टाकले गेले होते, त्याच्या हाताखालचे मशीन जळून गेले होते. हिरोकडे दादाचे म्हणून काही उरले असेल तर ती एक हाक. ती उचलून दुसऱ्याच्या नावावर कशी करायची?

“आठवत नाही,” तो म्हणाला. “धूर होता.”

बापाच्या चेहऱ्यावरची अदब तशीच राहिली. मास्तर बराच वेळ त्याच्या आखडलेल्या बोटांकडे बघत होते. मग “कळलं” म्हणाले आणि रुमालाची घडी घालून उठले.

जाताना बाप हलकेच मागे वळला. “रविवारी जेवायला ये. तिलाही आण. तुझी आई वाट बघते.”

ते दिसेनासे झाल्यावर म्हातारा मालक म्हणाला, “घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! तुझ्या बापानं तर व्याहीच धाडला, तोही दुसऱ्याचा.” हिरो हसला नाही. संध्याकाळी बायकोने विचारले, “काय सांगितलंस?”

“आठवत नाही म्हटलं.”

ती हातातले काम सोडून त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे सांगितलंसच की.”

दोन-तीन दिवसांनी अण्णा आला. बरोबर सायकल नव्हती. तो बाकावर बसला नाही, दुकानाच्या तोंडाशी उन्हात उभा राहिला.

“काय आठवत नाही रे तुला?”

“अण्णा, आत ये.”

“मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही, असा निरोप आला. मी मास्तरांकडे गेलो. दारातूनच बोलले. म्हणाले, ‘त्या मुलानं तुम्हाला वाचवायचा फार प्रयत्न केला. पण चांगली गोष्ट कुणी विसरत नाही हो.’” तो हसला. “एक शब्द होता. माझ्यासाठी आगीत उडी घेतलीस, आणि एक शब्द खोटा बोलता येईना?”

“तुझ्यासाठी नाही,” हिरो म्हणाला. “आगीत मी दादासाठी शिरलो होतो.”

इतकी वर्षे दोघांनी मिळून जे झाकून ठेवले होते, ते असे भर रस्त्यात उघडे पडले. हिरोला शब्द परत गिळावेसे वाटले. अण्णाचा राग मात्र एकदम ओसरला.

“मग सगळंच ऐक,” तो म्हणाला. “दादा शुद्धीवर होता. तुझी हाक त्यानंही ऐकली. त्याला बोलता येत नव्हतं, घसा भाजला होता. त्यानं माझा पाय धरला होता. घट्ट. म्हणजे मी त्याच्या वतीनं ओ द्यावा म्हणून.”

“मग?”

“मग काय. दिला ओ. तू मला ओढायला लागलास आणि मी पाय सोडवून घेतला.”

“खोटं बोलतोयस तू.”

“असेल,” अण्णा म्हणाला. “आठवत नाही. धूर होता.”

तो निघून गेला. हिरो स्टँडवरच्या चाकाकडे वळला. तार आवळू लागला ती आवळतच गेला, आणि ती टणकन तुटली. अण्णा सूडापोटी बोलला, हे त्याने स्वतःला पटवले असते. मनाला ते शिकवणे अवघड नव्हते. पण त्याच्या उजव्या हाताला आता काहीतरी आठवत होते. जिन्यावर त्याने तो हात ओढला तेव्हा पहिल्यांदा माणूस फार जड लागला होता, एका माणसाच्या मानाने फारच जड. आणि मग एकदम हलका झाला होता. त्या वेळी त्याला वाटले, एखादा गठ्ठा अडकला होता, तो सुटला.

बायकोला त्याने हे सांगितले नाही. तिने त्याला एकदा झोपायला शिकवले होते. ते काम तिच्या गळ्यात पुन्हा घालण्याचा धीर त्याला झाला नाही.

रविवारी दोघे बापाच्या घरी गेली. आईने सुनेला दारातच मिठी मारली आणि स्वयंपाकघरात नेले. आतून दोघींचे हसणे ऐकू येत होते. बापाने मुलासाठी स्वतः पाट मांडला, ताट घेतले, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. भिंतीपलीकडून चुलत्याच्या घराचा काहीच आवाज येत नव्हता, आणि बाप मधूनमधून ती शांतता कान देऊन ऐकत होता.

“आता बरं वाटलं,” तो म्हणाला. “मी वाईट माणूस नाही रे. मला कुणाचं वाटोळं करायचं नव्हतं. फक्त एकदा, एका परक्या माणसासमोर, खरं काय ते निघायला हवं होतं. ते तू केलंस. सूर्य उगवतो कुठून हे जगाला माहीत असतं, पण कुणाला तरी ते म्हणावं लागतं.” त्याने मुलाच्या ताटात आणखी वाढले. “जेव ना. वाळलास किती.”

मुलगा जेवत होता.

“एकच विचारतो,” बाप म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता, स्वयंपाकघरात जाऊ नये इतका. “पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. त्याला कळलं नसेल ना रे काही? हाक वगैरे? तो आधीच गेला असेल ना?”

मास्तरांसमोर जी जीभ लाकडासारखी झाली होती, ती या वेळी अडखळली नाही.

“नाही, बाबा. त्याला काहीच कळलं नाही. झोपेत गेल्यासारखा गेला. मी हाक मारली तेव्हा तो नव्हताच.”

“तुला नक्की आठवतं?”

“नक्की.”

बापाने डोळे मिटून एक दीर्घ श्वास सोडला. मग ताट पुढे ओढले, आणि सुनेने आणखी काही वाढायला आणावे म्हणून आत हाक मारली.